ओमानच्या उन्हात अंगभर कपडे: पहिल्यांदा जाणाऱ्या बायकांसाठी

ओमानमध्ये परदेशी बाईवर डोकं झाकायची सक्ती नाही. अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, घालावी लागत नाही. विमानतळावर तुमचे कपडे बघून कोणी अडवत नाही आणि मस्कतच्या मॉलमध्ये तोकड्या कपड्यांतल्या पर्यटक बायका अधूनमधून दिसतातही. नवख्या बाईची फसगत इथेच होते. ओमानी माणूस भारी भिडस्त. तुमच्या कपड्यांमुळे त्याला अवघडल्यासारखं झालं तर तो बोलणार नाही, नजर खाली घालून बाजूला होईल. दुकानदार तुमच्याशी बोलायचं सोडून तुमच्या नवऱ्याशी बोलायला लागेल. गावातली एखादी आजी, जिने एरवी हाताला धरून कॉफीला नेलं असतं, ती दार लोटून घेईल. आणि नेमकं काय बिनसलं ते तुम्हाला कळणारही नाही.

कोणी टोकणार नाही, म्हणूनच माप आपलं आपण आधी ठरवून जायचं. ते माप मला तिथल्या पुरुषांकडे बघून सापडलं. ओमानी पुरुष मानेपासून घोट्यापर्यंत सैल डिशडाशा घालतो, हात मनगटापर्यंत झाकलेले, डोक्यावर कुम्मा म्हणजे नक्षीची टोपी किंवा गुंडाळलेला मसर, म्हणजे फेटा. भर उन्हात, सरकारी कचेरीत, बकऱ्यांच्या बाजारात, सगळीकडे तोच वेश. तिथे नीटनेटका माणूस म्हणजे अंगभर कपड्यातला माणूस, मग तो बाप्या असो की बाई. हे एकदा ध्यानात आलं की ‘बायकांनाच का एवढे नियम’ ही चिडचिड थोडी कमी होते, आणि सोबतच्या पुरुषालाही हाफ पँट घरी ठेवायला सांगता येतं.

पहिली पायरी: महिना आणि ठिकाणं बघा

‘ओमान गरम आहे’ एवढ्या माहितीवर बॅग भरू नका. नोव्हेंबर ते मार्च मस्कतमध्ये हवा सुखाची असते. दिवसा पातळ पूर्ण बाह्यांचा कुर्ता पुरतो, संध्याकाळी एखादी शाल लागते. मेपासून पारा चाळिशीपार जातो आणि रात्रीही फारसा उतरत नाही. मस्कतच्या दक्षिणेला कुरय्यात नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. २६ जून २०१८ रोजी तिथे चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश होतं. कमीत कमी! अशा दिवसांत जाणार असाल तर कपड्यांचे जोड जवळपास दुप्पट घ्या, कारण एक जोड दुपारपर्यंतच घामाने भिजलेला असेल.

पण त्याच देशात जबल शम्स हा डोंगर आहे, सुमारे ३,००० मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत तिथे मुक्काम केलात तर रात्री लोकरी टोपी शोधाल. वाळवंटातल्या तंबूतही हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते. दक्षिणेतल्या सलालाहची तऱ्हा आणखी वेगळी: जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ असतो. धुकं, झिमझिम, हिरवे डोंगर आणि पंचविशीच्या आसपासचं तापमान. खरीफात लांब घेराचे स्कर्ट नेऊ नका, चिखलात काठ माखतात. घोट्याच्या वर संपणारी सुरवार आणि पकड असलेले बूट बरे.

दुसरी पायरी: कापड

‘इतक्या उन्हात अंग झाकून जीव जाईल’ ही पहिली भीती. ती खोटी आहे, मात्र कपडा सैल हवा. वाळवंटातले बदू, म्हणजे भटक्या टोळ्यांतले लोक, काळे जाड झगे का घालतात याचा माग काही शास्त्रज्ञांनी वाळवंटात प्रत्यक्ष मोजमाप करून घेतला होता; तो लेख १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरंच. पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचतच नाही. झगा आणि अंग यांच्यामध्ये जी हवा असते ती तापून वर सरकते, गळ्याशी बाहेर पडते आणि खालून नवी हवा आत येते. चालताना कापड हलतं, तेव्हा भाता चालवल्यासारखं होतं. काळा आणि पांढरा झगा घातलेल्या माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता शेवटी सारखीच भरली. या सगळ्याचा जीव त्या मधल्या हवेत आहे. अंगाला चिकटलेल्या पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टात हवेला जागा नसते, म्हणून त्यात तुम्ही ‘झाकलेल्या’ असता पण भाजून निघता.

आता कापडाचा पोत. निझवासारख्या आतल्या भागात हवा कोरडी असते. तिथे घाम आला की उडतो, म्हणून सुती कापडासारखं दुसरं काही नाही. किनाऱ्यावर, म्हणजे मस्कत, सूर या पट्ट्यात, उन्हाळ्यात हवा दमट. तिथे घाम उडत नाही, सुती कपडा तो पिऊन जड होतो आणि पाठीला चिकटतो. तिथे लिनन चांगलं, कारण ते थोडं ताठ राहतं आणि अंगापासून दूर उभं राहतं. चुरगळतं खरं, पण त्याची लाज वाटून घेऊ नका. व्हिस्कोस किंवा मोडाल अंगावर छान पडतं, घाम आला की मात्र आकार दाखवतं. पॉलिएस्टरचं जॉर्जेट दिसायला झिरझिरीत असलं तरी दमट हवेत प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखं वाटतं.

पांढऱ्या रंगाबद्दल एक सावधगिरी. पांढरा पातळ सुती कपडा उन्हात थंड वाटतो, पण साध्या पांढऱ्या टी-शर्टाचा यूपीएफ, म्हणजे अतिनील किरण अडवायची ताकद, जेमतेम ५ ते ७ असते, आणि भिजला की आणखी कमी होते. शिवाय तिथल्या प्रखर उजेडात पांढऱ्यातून सगळं दिसतं. घट्ट विणीचे मध्यम रंग घ्या: मोरपंखी, विटकरी, गवती हिरवा, राखाडी. राखाडीवर घाम उठून दिसतो हे मला उशिरा कळलं, म्हणून तो शेवटी.

पंजाबी ड्रेस न्यायचा का? खुशाल. ओमानमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी माणसं इतकी आहेत की सलवार-कुर्त्याकडे कोणी वळूनही बघत नाही. गळा आणि बाह्या तेवढ्या तपासा. साडीही दिसते, पण तिथे फिरताना पोट आणि पाठ झाकेल असा लांब ब्लाउज लागतो, आणि वादीतल्या, म्हणजे डोंगरातल्या घळीतल्या, दगडांवरून साडीत चढणं हा वेगळाच पराक्रम आहे. लेगिंग्ज हा बाहेरचा कपडा नाही, आतला आहे, असं धरून चाला: वर मांडीच्या खाली येणारा कुर्ता हवाच.

तिसरी पायरी: आरशासमोर नाही, खिडकीसमोर

निवडलेला प्रत्येक जोड घालून बघा. उभं राहून आरशात बघणं पुरत नाही, कारण प्रवासात आपण उभ्या कमी आणि वाकलेल्या जास्त असतो. आधी दोन्ही हात वर करा, बसमधल्या रॅकवर बॅग ठेवताना करतो तसे. पोट उघडं पडलं? बाही खांद्यापर्यंत सरकली? मग खाली वाका, चपलेचा पट्टा लावल्यासारखं, आणि समोर कोणालातरी उभं करून विचारा की गळ्यातून काय दिसतं. नंतर मांडी घालून जमिनीवर बसा. ओमानी घरात बैठक जमिनीवरच्या गाद्यांवर असते, तिथे अरुंद पँट गुडघ्यापर्यंत वर चढते आणि मग ती खाली ओढण्यात कॉफीची चव जाते. शेवटी भर उन्हाच्या खिडकीसमोर उभ्या राहा आणि सोबतिणीला मागून बघू द्या. पायांची सावली कापडातून दिसली तर आत परकर किंवा अस्तर हवं.

माझ्या अर्ध्या कपाटाने या परीक्षेत दगा दिला होता. पाऊण बाह्यांचे कुर्ते रस्त्यावर चालतात, मशिदीत नाही.

रस्त्यावरचं किमान माप एवढंच: खांदे झाकलेले, गळा बंद, गुडघ्यांच्या खाली कापड आणि काहीच घट्ट नाही. खेड्यांत, निझवाच्या बाजारात, डोंगरातल्या मिस्फात अल अब्रियीनसारख्या जुन्या गावात हे माप एक घर वाढवा: बाह्या कोपराच्या खाली, पँट घोट्यापर्यंत. निझवाला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. जनावरं गोल फिरवतात, गर्दी बहुतेक पुरुषांची, रेटारेटी चालते, आणि जमिनीवर काय काय सांडलेलं असतं. बंद बूट आणि जमिनीला न लागणारी पँट.

चौथी पायरी: स्कार्फ

रस्त्यावर डोकं झाकायची गरज नाही. स्कार्फ गळ्यात असला की पुरे. पण तो कायम जवळ असावा, कारण त्याची कामं अनेक. मशिदीत डोक्यावर, वाळवंटात तोंडावर, मॉलच्या गारठ्यात खांद्यावर आणि अचानक कोणाच्या घरी बोलावणं आलं तर गळ्यावर. मॉल आणि लांब पल्ल्याच्या बसमधला एसी असा काही असतो की बाहेर ४२ अंश आहे हे खोटं वाटावं.

साधारण १८० सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद, पातळ सुती, किंचित खरखरीत कापडाचा घ्या. शिफॉनची ओढणी सुंदर दिसते आणि दर दोन मिनिटांनी घसरते. बांधायची रीत सोपी. केस मानेशी खाली बांधा, उंच अंबाडा नको. केस गुळगुळीत असतील तर आधी कापडी पट्टी किंवा सुती टोपी घाला, स्कार्फ तिला धरून राहतो. मग स्कार्फ डोक्यावर असा घ्या की एक बाजू आखूड आणि दुसरी लांब राहील. हनुवटीखाली पिन लावा, कानाजवळ जरा सैल सोडा, नाहीतर तासाभरात डोकं ठणकतं. लांब टोक छातीवरून पलीकडच्या खांद्यावर टाका, तिथे दुसरी पिन. घरी दोनचारदा करून बघा. तिथल्या बायकांना विचारलंत तर त्या हसत हसत नीट करून देतात, आणि ओळख व्हायला याहून चांगलं निमित्त नाही.

तिथल्या बायका काय घालतात हेही बघण्यासारखं आहे. शहरात बहुतेक काळी अबाया आणि शेला, म्हणजे डोक्यावरचा स्कार्फ, दिसतो, पण ओमानी बायकांचा परंपरागत पोशाख भडक रंगांचा असतो: लांब झगा, आत घोट्याशी नक्षी असलेली सुरवार आणि रंगीत ओढणी. शरकियाच्या वाळवंटात काही बदू बायका चेहऱ्यावर ताठ कापडाचा मुखवटा घालतात. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि तो मुखवटा आठवणीची वस्तू म्हणून तोंडाला लावून स्वतःचेही काढू नका.

पाचवी पायरी: मशीद

इथे मात्र नियम स्पष्ट आहे आणि दारावर पाळला जातो. बहुतेक मशिदींत बिगर-मुस्लिमांना प्रवेश नसतो. मस्कतची सुलतान काबूस भव्य मशीद त्याला मोठा अपवाद. ती २००१ साली खुली झाली. बिगर-मुस्लिम पाहुण्यांसाठी शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ अशी वेळ चालत आली आहे. शुक्रवारी प्रवेश नाही. बाईचे केस पूर्ण झाकलेले, बाह्या मनगटापर्यंत, कपडा घोट्यापर्यंत. कापड अपारदर्शक आणि सैल. आवारात अबाया भाड्याने मिळते, पण सकाळी रांग असते आणि आधीच्या बाईच्या घामाची अबाया चढवण्यापेक्षा आपला लांब कुर्ता बरा.

आत गेलात की पायाखाली ७० मीटर बाय ६० मीटरचा एकसंध गालिचा आहे, २१ टन वजनाचा, १७० कोटी गाठींचा. डोक्यावर ५० मीटर उंच घुमट आणि त्यातून लोंबणारं १४ मीटरचं झुंबर. ते बघायला प्रत्येक बाई मान मागे टाकते, आणि नेमका तेव्हाच स्कार्फ घसरून मागे पडतो. म्हणून इथल्यासाठी डोक्याच्या मागे, टोपीला धरून, तिसरी पिन लावाच. बूट बाहेर काढावे लागतात. मोज्यांची जोडी पिशवीत असू द्या. उन्हातला संगमरवर अनवाणी पायांना चटका देतो.

सहावी पायरी: पाणी

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो वादीत. वादी म्हणजे डोंगरामधली घळ, जिच्यात हिरवं, स्वच्छ पाणी साठलेलं असतं. वादी शाबला आधी छोट्या होडीतून पलीकडे जायचं, मग दगडांतून पाऊण तास चालायचं, आणि शेवटचा टप्पा पोहत पार करून गुहेतल्या धबधब्याशी पोचायचं. वादी बनी खालिदला तर गाडीतून उतरलं की थोड्याच चालण्यावर पाणी. दोन्हीकडे स्थानिक कुटुंबं सुटीला येतात, जेवणाचे डबे उघडून बसलेली असतात. बिकिनीत त्यांच्यासमोरून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात टॉवेलवर जाण्यासारखं. अंगभर कपडे घालून पोहण्याबद्दल तिथे सूचना देणाऱ्या पाट्याही आहेत.

मी पहिल्यांदा सुती कुर्ता-लेगिंगमध्ये पाण्यात उतरले. कुर्ता फुग्यासारखा वर तरंगला, बाहेर आल्यावर तीन किलोचा झाला आणि परतीच्या वाटेवर मांड्या सोलवटून निघाल्या. आता माझा पाण्याचा वेश ठरलेला आहे: गडद रंगाचा, चटकन वाळणारा, पूर्ण बाह्यांचा पोहायचा टॉप, त्यावर जरा सैल गडद टी-शर्ट, खाली घोट्यापर्यंतची पोहायची लेगिंग आणि वर गुडघ्यापर्यंतची सैल शॉर्ट्स. बुर्किनी, म्हणजे अंगभर झाकणारा पोहायचा पोशाख, असेल तर उत्तमच. पायांत पकडीचे पाण्यातले बूट, कारण ओले दगड साबणासारखे असतात. हेच कपडे वरून घातलेल्या सैल शर्टाच्या आत घालून चालत जा, बदलायला आडोसा शोधावा लागत नाही.

समुद्राचं थोडक्यात: हॉटेलच्या स्वतःच्या किनाऱ्यावर आणि तलावात नेहमीचा स्विमसूट चालतो, तिथून लॉबीत येताना मात्र वर काही तरी घ्या. सार्वजनिक किनाऱ्यावर वादीचाच वेश. ओमानी बायका पूर्ण कपड्यांनिशी लाटांत उभ्या दिसतील.

रमजान असेल तर

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि सध्याच्या काही वर्षांत तो पर्यटकांच्या हंगामात, हिवाळ्याच्या शेवटी येतो आहे. त्या महिन्यात शहरातही खेड्याचं माप धरा. दिवसा चारचौघांत खाणं-पिणं कायद्याने वर्ज्य आहे, पाणीसुद्धा. म्हणजे उन्हात फिरताना घाम कमी काढणारा कपडा ही केवळ सोयीची बाब उरत नाही.

बॅग

हिवाळ्यातल्या आठ दिवसांसाठी मी हे नेते: चार लांब सैल कुर्ते, त्यांतला एक मनगटापर्यंत बाह्यांचा, तीन सैल पँट किंवा सुरवारी, एक घोट्याशी बंद होणारी, कारण उंटावर बसताना घेर उडतो, दोन स्कार्फ, एक उबदार जॅकेट, पाण्याचा वेश, बंद बूट आणि उघड्या चपला. पावलं उघडी असण्याला तिथे कोणाची हरकत नसते, चपलेतच सगळा देश फिरतो. आतून घालायला त्वचेच्या रंगाचे सुती कपडे आणि मांड्यांसाठी सुती सायकलिंग शॉर्ट्स तीन. मांड्यांच्या घासण्याबद्दल कोणी सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक बाई त्याच कारणाने फेंगडी चालत असते. घामोळ्याची पावडर, डझनभर सेफ्टी पिना.

अबाया इथून नेऊ नका. हवीच असेल तर मस्कतच्या मत्रह बाजारात घ्या. घासाघीस करा, शांतपणे, हसून. उंचीला लांब वाटली तर कमी करून मिळते का विचारा. जमिनीवर लोळणारी अबाया सरकत्या जिन्यात अडकते.

आणि रात्री खोलीत कपडे धुतलेत तर ते न्हाणीघरात किंवा पंख्याखाली वाळवा. मस्कतमध्ये रस्त्यावरून दिसतील असे कपडे बाल्कनीत वाळत घालायला महापालिकेची मनाई आहे, आणि हा नियम ओमानी धोतराला, म्हणजे डिशडाशाखाली नेसायच्या विझारलाही तितकाच लागू आहे.